चहा टाकून त्या आगीकडे धावल्या, पुढे त्यांनीच अमेरिकेत किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा कायदा आणला

२५ मार्च १९११, शनिवार. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ एका मैत्रिणीच्या घरी ३० वर्षांच्या फ्रान्सिस पर्किन्स चहाला गेल्या होत्या. दुपारचे साडेचार वाजून गेले होते. इतक्यात बाहेरून अग्निशमन दलाच्या गाड्यांचा आवाज आणि लोकांचा आरडाओरडा ऐकू यायला लागला. घरातले सगळे बाहेर पडले. फ्रान्सिसही चहा तसाच ठेवून चौक ओलांडून धावल्या.

समोर एक दहा मजली इमारत होती आणि तिचे वरचे तीन मजले पेटले होते. तिथे बायकांचे ब्लाऊज शिवणारा ट्रँगल शर्टवेस्ट नावाचा कारखाना होता. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्याच्या वर पोहोचतच नव्हत्या. नवव्या मजल्यावरच्या जिन्याचं एक दार कुलूप लावून बंद केलेलं होतं, कारण मुली कापड चोरतील किंवा मधेच काम सोडून जातील अशी मालकांना भीती होती. आगीतून सुटायला म्हणून मुली खिडक्यांतून उड्या मारत होत्या. खाली धरलेल्या जाळ्या त्या वजनाने फाटत होत्या.

त्या दिवशी १४६ कामगारांचा जीव गेला. बहुतेक जणी इटलीतून आणि पूर्व युरोपातून आलेल्या तरुण मुली होत्या, सगळ्यात लहान मुली १४ वर्षांच्या होत्या. याच कारखान्यातल्या कामगारांनी १९०९ मध्ये कमी तास आणि बऱ्या पगारासाठी संप केला होता. मालकांवर खटला चालला, पण डिसेंबर १९११ मध्ये ते निर्दोष सुटले.

रस्त्यावर उभं राहून हे सगळं पाहणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स पुढे अमेरिकेच्या पहिल्या महिला मंत्री झाल्या. आठवड्याला ४० तास काम, त्यावर काम केलं तर दीडपट पैसे आणि तासाला ठरावीक रकमेपेक्षा कमी मजुरी द्यायची नाही, हे अमेरिकेतले नियम ज्या कायद्याने आले, त्यामागे त्यांचा मोठा हात होता.

पण या कायद्याची आणखी एक बाजू आहे. तो मंजूर करून घेण्यासाठी लाखो कामगारांना त्याच्या बाहेर ठेवावं लागलं. त्या आत कधी आल्या आणि कोण अजून बाहेर आहे, हेही पर्किन्स यांच्या गोष्टीतच येतं.

कॉलेजची सहल थेट कापड गिरणीत

पर्किन्स यांचा जन्म १० एप्रिल १८८० चा, बोस्टन शहरातला. नाव होतं फॅनी कोरली पर्किन्स. फ्रान्सिस हे नाव त्यांनी नंतर घेतलं. वडिलांचा वूस्टर गावात स्टेशनरीचा धंदा होता. घर खाऊनपिऊन सुखी आणि विचाराने जुन्या वळणाचं. गरीब माणूस गरीब राहतो तो आळशीपणामुळे किंवा दारूमुळे, असं मानणारा तो काळ होता.

माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजात त्या भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकत होत्या. तिथल्या इतिहासाच्या एका प्राध्यापिकेने विद्यार्थिनींना आसपासच्या गिरण्या बघायला पाठवलं. तिथे बायका आणि पोरं कशी राबतात ते पर्किन्स यांनी पहिल्यांदा पाहिलं. मशीनमध्ये हात गेला की त्या माणसाची नोकरी जायची आणि त्यासोबत अख्खं घर रस्त्यावर यायचं. यात आळशीपणाचा काय संबंध, हा प्रश्न तिथे पडला तो कायमचा.

१९०२ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षं शिकवलं. शिकागोजवळ नोकरी करताना त्या हल हाऊस या संस्थेत जायला लागल्या. ही संस्था स्थलांतरित मजुरांच्या वस्तीत काम करायची. नंतर त्या न्यूयॉर्कला आल्या आणि १९१० मध्ये कोलंबिया विद्यापीठातून एम.ए. झाल्या. हे तेच कोलंबिया, जिथे तीन वर्षांनी बाबासाहेब आंबेडकर शिकायला आले. आणि पुढे १९४६ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे मजूरमंत्री म्हणून आपल्याकडे किमान वेतनाचं विधेयक मांडलं ते बाबासाहेबांनीच.

शिक्षण संपल्यावर पर्किन्स न्यूयॉर्कच्या कन्झ्युमर्स लीगमध्ये लागल्या. फ्लोरेन्स केली या तिथल्या बिनीच्या कार्यकर्त्या त्यांच्या गुरू होत्या. लीगचा सरळ हिशोब असा होता की आपण जी वस्तू विकत घेतो ती कुणाला पिळून बनवलेली असेल, तर त्याला ग्राहकही जबाबदार आहे. आगीच्या दिवशी पर्किन्स याच संस्थेत काम करत होत्या.

५४ तासांचा कायदा आणि पहिली तडजोड

लीगची तेव्हा एक मागणी होती. कारखान्यातल्या बायकांकडून आठवड्याला ५४ तासांपेक्षा जास्त काम करून घेता येणार नाही असा कायदा करा. ५४ तास म्हणजे रविवार सोडून रोज नऊ तास. आज हे जास्त वाटेल, पण तेव्हा तेवढंही मिळत नव्हतं. पर्किन्स त्यासाठी न्यूयॉर्क राज्याची राजधानी अल्बनीमध्ये आमदारांच्या मागे फिरत होत्या.

१९१२ चं अधिवेशन संपत आलं तेव्हा विधेयक एका अटीवर अडलं. फळं आणि भाज्या डबाबंद करणारे कारखाने कायद्यातून वगळा, असं त्या उद्योगाच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं होतं. हंगामात माल आला की तो सडायच्या आत डब्यात जायला हवा, मग तासांचं बंधन कसं पाळणार, असा त्यांचा युक्तिवाद. पण याच कारखान्यांत बायकांचे हाल सगळ्यात जास्त होते. केली यांनी तर आधीच बजावून ठेवलं होतं की ही सूट अजिबात मान्य करायची नाही.

आता निर्णय पर्किन्स यांना एकटीने घ्यायचा होता. सूट नाकारली तर विधेयक त्या वर्षापुरतं मेलं. मान्य केली तर बाकी कारखान्यांतल्या बायकांना लगेच फायदा, पण डबाबंद कारखान्यांतल्या बायका बाहेर. त्यांनी सूट मान्य केली.

तरीही दोन मतं कमी पडत होती. बिग टिम सलिवन हे तिथल्या राजकारणातलं बडं प्रस्थ. ते आणि त्यांचे चुलतभाऊ न्यूयॉर्कला जाणारी रात्रीची बोट पकडायला निघून गेले होते. पर्किन्स यांनी निरोप पाठवला आणि दोघे धापा टाकत टेकडी चढून सभागृहात परत आले. विधेयक मंजूर झालं.

केली आता चांगल्याच रागावणार, असं पर्किन्स यांना वाटत होतं. पण झालं उलटंच, केली खूश झाल्या. आधी मिळतंय ते पदरात पाडून घ्यायचं आणि राहिलेल्यांसाठी परत भांडायचं, ही पर्किन्स यांची कामाची पद्धत तिथून पक्की झाली.

आमदारांना कारखान्यात नेलं

आगीनंतर लोकांचा संताप इतका होता की न्यूयॉर्क सरकारला कारखान्यांची चौकशी करायला आयोग नेमावा लागला. रॉबर्ट वॅग्नर अध्यक्ष आणि अल स्मिथ उपाध्यक्ष होते. पर्किन्स या आयोगासाठी तपासाचं काम करत होत्या.

त्यांनी कागदी अहवालावर भर दिला नाही. पुढाऱ्यांना घेऊन त्या थेट कारखान्यांत गेल्या. एका ठिकाणी आगीतून सुटायचा मार्ग म्हणून भिंतीत एक लहान भोक होतं आणि बाहेर बर्फाने माखलेली शिडी. वॅग्नर यांना त्यांनी त्यातून सरपटत बाहेर यायला लावलं. पहाटे डबाबंद कारखान्यात नेऊन शेंगा सोलत बसलेली लहान पोरं दाखवली.

याचा परिणाम झाला. पुढच्या काही वर्षांत न्यूयॉर्कने कामगारांच्या सुरक्षेचे आणि तासांचे तीसहून जास्त कायदे केले. हे कायदे मग बाकीच्या राज्यांनीही डोळ्यांसमोर ठेवले.

अल स्मिथ गव्हर्नर झाल्यावर १९१९ मध्ये त्यांनी पर्किन्स यांना राज्याच्या औद्योगिक आयोगावर घेतलं. १९२९ मध्ये पुढचे गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यांना राज्याच्या कामगार खात्याचं प्रमुख केलं.

या सगळ्यात घरी काय चाललं होतं, ते फार थोड्या लोकांना माहीत होतं. १९१३ मध्ये त्यांनी पॉल विल्सन यांच्याशी लग्न केलं, पण आडनाव बदललं नाही. १९१६ मध्ये मुलगी झाली. त्यानंतर थोड्याच काळात पॉल यांना गंभीर मानसिक आजार झाला आणि त्यांना पुढे वारंवार रुग्णालयात राहावं लागलं. घर चालवायची सगळी जबाबदारी पर्किन्स यांच्यावर आली. पगारावर घर चालतं म्हणजे काय, हे त्या रोज अनुभवत होत्या.

मंत्रिपदासाठी त्यांनीच अटी घातल्या

१९३३ साली महामंदीने अमेरिकेचं कंबरडं मोडलं होतं. साधारण चार कामगारांमागे एक बेकार होता. ज्यांना काम होतं त्यांचे पगार खाली खाली जात होते, कारण तेच काम त्याहून कमी पैशात करायला दारात दुसरा माणूस उभा होता. रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि त्यांनी पर्किन्स यांना कामगारमंत्री व्हायला बोलावलं.

पर्किन्स हातात एक यादी घेऊन गेल्या. आठवड्याला ४० तास काम, किमान वेतन, बालमजुरीवर बंदी, बेकारी भत्ता, म्हातारपणी पेन्शन अशा गोष्टी त्यात होत्या. हे करायचं असेल तरच मी येते, असा त्यांचा पवित्रा होता. रूझवेल्ट यांनी होकार दिला आणि ४ मार्च १९३३ ला नव्या सरकारसोबत त्या मंत्री झाल्या. कामगार संघटनांचे पुढारीच नाराज झाले, कारण त्यांना संघटनेतून आलेला पुरुष मंत्री हवा होता.

पेन्शन आणि बेकारी भत्त्याचा सोशल सिक्युरिटी कायदा १९३५ मध्ये झाला. त्याचा आराखडा करणाऱ्या समितीच्या अध्यक्ष पर्किन्सच होत्या. पण किमान वेतन मात्र अडून बसलं होतं आणि ते अडवलं होतं सर्वोच्च न्यायालयाने.

कोर्टाचं म्हणणं काय होतं?

कोर्टाचं म्हणणं असं की मालक आणि कामगार दोघेही स्वतंत्र आहेत. किती तासांना किती पैसे, हा करार त्यांनी आपापसात करावा, सरकारने मधे पडू नये. याच आधारावर १९२३ मध्ये वॉशिंग्टन शहरातला बायकांसाठीचा किमान वेतनाचा कायदा रद्द झाला होता. १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने उद्योगांसाठी पगार आणि तासांच्या आचारसंहिता आणल्या, त्यांचा कायदा १९३५ मध्ये कोर्टाने उडवला. १९३६ मध्ये न्यूयॉर्क राज्याचा किमान वेतनाचा कायदाही गेला.

उपाशी माणूस आणि गिरणीचा मालक हे कराराला बसतात तेव्हा त्यांचं स्वातंत्र्य सारखं असतं का, हा साधा प्रश्न या निकालांमध्ये हरवत होता.

पर्किन्स यांना असं काही होणार याचा अंदाज होता. म्हणून त्यांनी दोन विधेयकांचे मसुदे आधीच तयार करून टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवले होते.

पहिला मसुदा हुशारीचा होता. सरकार खासगी मालकाला पगार ठरवून देऊ शकत नसेल, पण सरकार स्वतः गिऱ्हाईक तर आहे. मग सरकारला माल विकणाऱ्या कंपन्यांना अट घालता येईल की किमान पगार द्या आणि ४० तासांच्या वर कामाचे जादा पैसे द्या. हा कायदा १९३६ मध्ये झाला. दुसरा मसुदा होता सगळ्या देशासाठी. तो योग्य वेळेची वाट बघत खणातच राहिला.

ती वेळ आली २९ मार्च १९३७ ला. वॉशिंग्टन राज्यातल्या एका हॉटेलात खोल्यांची साफसफाई करणाऱ्या एल्सी पॅरिश यांनी मालकावर दावा लावला होता. राज्याच्या नियमाप्रमाणे त्यांना ४८ तासांच्या आठवड्याला साडेचौदा डॉलर मिळायला हवे होते, मिळत होते त्याहून कमी. थकलेली रक्कम होती २१६ डॉलर १९ सेंट. सर्वोच्च न्यायालयाने आपली जुनी भूमिका सोडली आणि पॅरिश यांच्या बाजूने निकाल दिला. किमान वेतनाचा कायदा करणं आता घटनेत बसत होतं.

वर्षभराची मारामारी

२४ मे १९३७ ला रूझवेल्ट यांनी विधेयक संसदेकडे पाठवलं. विरोध दोन बाजूंनी झाला. दक्षिणेकडच्या राज्यांचे खासदार म्हणत होते की स्वस्त मजूर हीच आमची ताकद आहे, सगळीकडे एक दर लावला तर आमच्याकडे कारखाने येणार नाहीत. दुसरीकडे काही कामगार नेत्यांना भीती होती की किमान म्हणून ठरलेला पगारच उद्या कमाल होऊन बसेल.

डिसेंबर १९३७ मध्ये कनिष्ठ सभागृहाने विधेयक परत समितीकडे धाडलं. पुढच्या वर्षी नवा मसुदा आला, तर नियम समितीने तो अडवला. ही समिती पुढे जाऊ देत नाही तोवर विधेयक सभागृहात येत नाही. यावर एकच उपाय होता, २१८ खासदारांनी सह्या करून ते समितीकडून काढून घ्यायचं. याच सुमारास फ्लोरिडासारख्या दक्षिणेतल्या राज्यात या कायद्याला पाठिंबा देणारे सिनेटर क्लॉड पेपर पक्षांतर्गत निवडणूक जिंकले. मतदारांना कायदा हवाय हे खासदारांना कळलं. मे १९३८ मध्ये सह्यांसाठी अर्ज ठेवला आणि अवघ्या २ तास २० मिनिटांत २१८ सह्या झाल्या.

२५ जून १९३८ ला रूझवेल्ट यांनी फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टवर सही केली.

कायद्यात नेमकं होतं काय?

पहिल्या वर्षी किमान वेतन तासाला २५ सेंट ठरलं आणि ते सात वर्षांत ४० सेंटपर्यंत न्यायचं होतं. आठवड्याची मर्यादा आधी ४४ तास, नंतर ४२ आणि तिसऱ्या वर्षापासून ४०. त्यावर काम करून घेतलं तर दीडपट पैसे. शिवाय बायकांना कमी दर आणि पुरुषांना जास्त दर असा भेद या कायद्यात नव्हता. १६ वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात ठेवायला बंदी आली.

समजा, एखाद्या कामगाराने पहिल्या वर्षी आठवड्यात ५० तास काम केलं. पहिल्या ४४ तासांचे झाले ११ डॉलर. उरलेल्या ६ तासांना साडेसदतीस सेंटचा दर, म्हणजे सव्वादोन डॉलर. एकूण सव्वातेरा डॉलर.

दीडपट पैशांमागचा विचार फक्त त्या कामगाराच्या कमाईचा नव्हता. एकाच माणसाला जास्त वेळ राबवणं महाग पडलं, तर मालक दुसरा माणूस कामावर घेईल आणि बेकारी कमी होईल, असं ते गणित होतं. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात ओव्हरटाइमचा दर दुप्पट होता, त्यामागेही जादा काम मालकाला महाग पडावं हाच विचार दिसतो.

जे बाहेर राहिले

सुरुवातीला हा कायदा देशातल्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढ्या कामगारांनाच लागू होता. शेतमजूर बाहेर, घरकाम करणाऱ्या बायका बाहेर, छोट्या दुकानांतले नोकर बाहेर. आणि फळं-भाज्या डबाबंद करणाऱ्या हंगामी कारखान्यांना तासांच्या बाबतीत पुन्हा सवलत मिळालीच.

केंद्राला फक्त राज्याराज्यांमधल्या व्यापारावर कायदा करता येतो, हे त्याचं एक कारण. पण राजकीय कारण दक्षिणेत होतं. तिथे शेतात आणि घरांत राबणारे बहुतेक लोक कृष्णवर्णीय होते. त्यांना किमान वेतन मिळालं तर सगळी जुनी व्यवस्थाच हलेल, हे तिथल्या खासदारांना पक्कं माहीत होतं. त्यांची मतं हवी असतील तर या लोकांना सोडणं भाग होतं. १९१२ मध्ये अल्बनीत जे झालं तेच आता देशाच्या पातळीवर झालं.

तडजोड केली नसती तर १९३८ मध्ये कायदा झाला असता असं म्हणणं कठीण आहे. पण तिची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना त्या वाटाघाटीत कुणी विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

शेवटची वर्षं

कायदा झाला तरी पर्किन्स यांच्यामागची कटकट संपली नाही. बंदर कामगारांचे ऑस्ट्रेलियन नेते हॅरी ब्रिजेस यांना कम्युनिस्ट ठरवून देशाबाहेर काढत नाहीत म्हणून जानेवारी १९३९ मध्ये त्यांच्यावर महाभियोगाचा ठराव आला. संसदीय समितीने तो फेटाळला. १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नवा कायदा वैध ठरवला.

१९४५ पर्यंत, म्हणजे सलग बारा वर्षं, त्या मंत्री होत्या. इतका काळ अमेरिकेचं कामगार खातं दुसऱ्या कुणीच सांभाळलेलं नाही. नंतर त्या सिव्हिल सर्व्हिस कमिशनवर गेल्या आणि उतारवयात कॉर्नेल विद्यापीठात शिकवत राहिल्या. १४ मे १९६५ ला, वयाच्या ८५ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं.

तोवर कायद्याची दारं थोडीथोडी उघडत होती. १९६१ मध्ये मोठ्या दुकानांतले कामगार आत आले. १९६६ च्या दुरुस्तीने बऱ्याच शेतमजुरांना किमान वेतन मिळालं, पर्किन्स गेल्याच्या दुसऱ्याच वर्षी. घरकाम करणाऱ्या बायकांचा नंबर १९७४ मध्ये लागला, मूळ कायद्यानंतर ३६ वर्षांनी.

१९८० मध्ये वॉशिंग्टनमधल्या कामगार मंत्रालयाच्या इमारतीला फ्रान्सिस पर्किन्स यांचं नाव देण्यात आलं. मेन राज्यातलं त्यांचं घराण्याचं घर डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय स्मारक झालं.

शेतमजुरांना मात्र अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने ओव्हरटाइमचा दीडपट दर आजही लागू केलेला नाही. काही राज्यांनी स्वतःचे कायदे करून तो दिला आहे. बाकी ठिकाणी ५० तास राबणाऱ्या शेतमजुराला शेवटच्या दहा तासांचे पैसे पहिल्या दहा तासांइतकेच मिळतात.